चेहऱ्याचा रंग कोणी ठरवला?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही रंगाची गोष्ट सांगणार आहोत. साडीच्या नाही, भिंतीच्या नाही, पडद्यावर आणि मोबाइलवर आपण जो रंग बघतो त्याची.

सुरुवात आमच्या घरच्याच गोष्टीने करतो. दिवाळीआधी आमच्या गावातल्या बचत गटांनी मिळून एक व्हिडिओ काढून घेतला. हळद, लाल तिखट आणि काळा मसाला विकायचा होता. व्हिडिओ दीड मिनिटाचा, पैसे गटाच्या शिलकीतले. महिन्याच्या बैठकीत तो लावला तेव्हा सगळ्या मोबाइलभोवती गोळा झालो. मसाला कांडणाऱ्या आमच्या मावशी पडद्यावर आल्या आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "ही कोण गं?" आधी हशा पिकला. मग सगळ्या गप्प झालो. मावशींचा रंग सावळा. व्हिडिओत चेहरा दुधाने धुतल्यासारखा, गालावर सुरकुती नाही, कपाळावरचं गोंदण पुसट झालेलं. त्या म्हणाल्या, "माझं गोंदण कुठं गेलं?"

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. चेहरे उजळ करताना तिखटही शेंदरासारखं दिसू लागलं होतं. व्हिडिओ बघून गिऱ्हाइकांचे फोन आले, "तिखटात रंग घालता का हो?" मसाला विकणाऱ्या बाईला याहून वाईट प्रश्न नाही. व्हिडिओ करणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "थोडं उजळ केलं की छान दिसतं. सगळेच करतात."

सगळेच करतात, पण कधीपासून? आणि पहिल्यांदा कोणी ठरवलं? बी.ए.ला आम्ही इतिहास शिकलो तो राजांचा आणि तहांचा. हा इतिहास तिथे नव्हता. म्हणून शोधायला बसलो. शोधताना जागोजागी बायकाच भेटल्या.

व्हिडिओ काढून झाल्यावर त्यातला उजेड, अंधार आणि रंग बसवण्याच्या कामाला ग्रेडिंग म्हणतात. काम आज संगणकावर होतं, पण सुरुवात झाली बारीक कुंचल्याने.

सिनेमाचा जन्म १८९५ च्या आसपासचा. तेव्हा फिल्म काळी-पांढरी होती. लोकांना रंग हवा होता, पण रंग पकडणारी फिल्म हाताशी नव्हती. मग फिल्मवर हाताने रंग भरायला सुरुवात झाली. पॅरिसमध्ये थ्युलिए नावाच्या बाईंचा रंगकामाचा कारखाना होता. आधी त्या काचेवरची चित्रं रंगवत. जॉर्ज मेलिएस या प्रसिद्ध चित्रपटकाराच्या फिल्म त्यांच्याकडे रंगवायला येत. उतारवयात, १९२९ साली, त्यांनी सांगितलं होतं की कारखान्यात दोनशेहून जास्त कामगार होत्या. रात्री त्या स्वतः रंग निवडून नमुने करत आणि दिवसा बायका त्याप्रमाणे रंग भरत. एका बाईकडे एकच रंग. तिचं झालं की पट्टी पुढच्या बाईकडे. एकेका फिल्मला वीस-वीस रंगसुद्धा लागत. आपल्याकडे पापडाला बसलो की एकीने लाटायचं आणि दुसरीने वाळत घालायचं, तशीच रांग.

आता हे काम किती बारीक असेल ते बघा. फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. तिच्यावरचं एक चित्र टपालाच्या लहान तिकिटाएवढं. सेकंदाला साधारण सोळा चित्रं धरली तर मिनिटाला ९६० होतात. मेलिएसची चंद्रावरच्या सफरीची फिल्म १९०२ ची. तिच्यात तेरा हजारांहून जास्त चित्रं आहेत. रंगीत प्रत हवी तर तेवढ्या चित्रांवर रंग चढवायचा. दुसरी प्रत हवी तर पुन्हा पहिल्यापासून. या फिल्मची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ साली बार्सिलोनात सापडली. फिल्म चिकटून तिचा दगड झाला होता. वर्षानुवर्षं खपून ती सोडवली, संगणकावर दुरुस्त केली आणि २०११ साली कान महोत्सवात दाखवली. जगाने टाळ्या वाजवल्या. ज्या बायकांनी असे रंग भरले, त्यांची नावं मात्र पडद्यावर कधीच नव्हती.

पुढे मागणी वाढली तशी युक्ती निघाली. फ्रान्समधल्या पाथे कंपनीने साचे वापरायला सुरुवात केली. आपण रांगोळीचे छाप वापरतो ना, तोच प्रकार. फिल्मच्या एका प्रतीतून, जिथे लाल रंग हवा तेवढाच भाग कापून काढायचा. हिरव्यासाठी दुसरी प्रत, निळ्यासाठी तिसरी. मग साचा कोऱ्या प्रतीवर ठेवून रंग चढवायचा. साचा कापायला महिने लागत, पण एकदा कापला की अनेक प्रती निघत. पॅरिसजवळच्या व्हँसेन गावात शेकडो बायका हे कापकाम करत होत्या. याहून सोपी रीत म्हणजे फिल्मची पट्टी सरळ रंगात बुडवायची. रात्र दाखवायची तर निळी, दिव्याचा उजेड पिवळसर, आग लागली की लाल. आजही चित्रपटात रात्र निळसर दिसते, तशीच ती या रंगाच्या घमेल्यांतूनही निघे.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तो काळा-पांढराच. पडद्यावर काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पण पडद्यामागे बाई होती. सरस्वतीबाई फाळके. फिल्मच्या कडेला भोकं पाडायची असतात, त्याशिवाय ती यंत्रात सरकत नाही. सरस्वतीबाई अंधारात बसून ती भोकं पाडत. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या होत्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. म्हणजे पॅरिसची बाई आणि दादरची बाई, दोघी एकाच काळात फिल्म हातात धरून बसलेल्या. एकीच्या हाती कुंचला, दुसरीच्या हाती भोकं पाडायचं यंत्र.

मराठी माणसाने रंगासाठी धडपडही लवकर केली. प्रभात कंपनीचा आणि व्ही. शांताराम यांचा 'सैरंध्री' १९३३ चा. त्याच्या रंगाचं काम जर्मनीत जाऊन करून घेतलं, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. मग १९३७ साली मुंबईत अर्देशीर इराणींनी 'किसान कन्या' काढला आणि इथेच धुतलेला पहिला भारतीय रंगीत चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. बघा मैत्रिणींनो, देशातल्या पहिल्या रंगीत चित्रपटाच्या नावातच शेतकऱ्याची लेक आहे.

अमेरिकेत तोवर टेक्निकलर कंपनीचं राज्य आलं होतं. त्यांचा कॅमेरा एकाच वेळी तीन फिल्मवर चित्र घ्यायचा, त्यांतून लाल, हिरवा आणि निळा असे तीन हिस्से वेगळे निघत आणि छापताना ते एकावर एक चढवत. या कंपनीने एक अट घातली होती. आमचा कॅमेरा घ्याल तर आमच्या रंगसल्लागारही घ्यावा लागेल. त्या सल्लागार म्हणजे नॅटली काल्मस. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९४९ पर्यंत शेकडो चित्रपटांच्या नावांत त्यांचं नाव येतं. १९३९ चे 'गॉन विथ द विंड' आणि 'द विझर्ड ऑफ ऑझ' त्यांत आले. कपडा कुठला, भिंत कुठली, कुठल्या प्रसंगाला कुठला रंग, यावर त्या बोलत. दिग्दर्शक वैतागत, पण नाव पडद्यावर होतं. एवढ्या वर्षांत ठळक अक्षरांत दिसलेलं रंगाच्या कामातलं हे एका बाईचं नाव.

आता येतो आमच्या मावशींच्या प्रश्नाकडे. चेहरा कोणाचा खरा धरायचा?

फिल्म धुण्याच्या कारखान्यात, म्हणजे लॅबमध्ये, रंग जुळवणारा माणूस असे. त्याला टायमर म्हणत. तो प्रत्येक प्रसंगासाठी लाल, हिरवा, निळा उजेड किती सोडायचा ते ठरवी. एक ते पन्नास असे आकडे असत. आकडे चुकले तर चेहरा हिरवट किंवा तांबूस व्हायचा. मग यंत्र नीट चाललंय हे ओळखायचं कसं? त्यासाठी फिल्मच्या सुरुवातीला एका बाईची काही चित्रं जोडत. बाजूला राखाडी आणि रंगाच्या पट्ट्या. तिचा चेहरा नीट उतरला की यंत्र नीट. लॅबच्या बोलीत तिला 'चायना गर्ल' म्हणत, ती चिनी नसली तरी. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत ही रीत चालली. पुष्कळदा ती लॅबमध्येच काम करणारी एखादी बाई असे. प्रेक्षकांना ती दिसत नसे. यंत्र चालवणारा सोडला तर तिला कोणीच बघत नव्हतं. आणि युरोप-अमेरिकेतल्या लॅबमध्ये ती जवळजवळ नेहमीच गोरी असे.

फोटोच्या बाबतीतही तेच. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या दुकानांना एक नमुना-कार्ड पाठवी. पहिल्या कार्डावरची बाई कोडॅकमध्येच काम करणारी, नाव शर्ली. पुढे बाया बदलल्या, पण कार्डाचं नाव शर्लीच राहिलं. शर्ली गोरी. तिचा चेहरा नीट आला म्हणजे फोटो नीट, असं गणित. शाळेच्या फोटोत गोरी आणि काळी मुलं एकत्र बसली तर गोऱ्या मुलांचे चेहरे छान येत आणि काळ्या मुलांचे डोळे आणि दात तेवढे दिसत. आईबाप हळहळत असतील, पण फिल्म बदलली नाही. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी कोडॅकच्या जुन्या लोकांना भेटून हे शोधून काढलं. त्यांना कळलं की फिल्ममध्ये तपकिरी रंगाच्या छटा सुधारायला जोर आला तो फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींमुळे. लाकडाचे प्रकार वेगवेगळे दिसत नव्हते, चॉकलेटचे रंग सारखेच येत होते. लेकराच्या चेहऱ्यासाठी नाही, लाकडासाठी फिल्म सुधारली. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

हे वाचलं त्या दिवशी आम्हाला आमच्या लग्नातले फोटो आठवले. तोंडाला थापलेली पावडर, मान वेगळ्या रंगाची, चेहरा वेगळ्या रंगाचा. आम्हाला वाटायचं, खोट आमच्या कातडीत आहे. खोट मोजमापात होती.

पुढे संगणक आला. २००० साली अमेरिकेत 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' नावाचा चित्रपट आला. चित्रीकरण मिसिसिपीत, भर हिरवाईत. दिग्दर्शकांना हवा होता वाळलेला, पिवळा, जुन्या फोटोसारखा मुलूख. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी अख्खी फिल्म संगणकात उतरवून हिरवं पान सोनेरी करून घेतलं. अख्खा चित्रपट असा संगणकावर रंगवून काढलेल्या पहिल्या मोठ्या चित्रपटांत त्याची गणना होते. रंगाची यंत्रं तेव्हा लाखो डॉलरची होती. दा विंची हे त्यांतलं नावाजलेलं. २००९ साली ती कंपनी विकली गेली, नव्या मालकाने ते यंत्र साध्या संगणकावर चालेल असं केलं आणि २०११ पासून त्याची एक आवृत्ती फुकट मिळू लागली. दोन पिढ्यांपूर्वी ज्या खोलीत आपल्याला पाय ठेवता आला नसता, ती खोली आता तालुक्याच्या गावातल्या लेकीच्या टेबलावर आली.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी हेच शिकते. तिने आम्हाला समजावलं ते तुम्हाला सांगतो.

पडद्यावर तीन गोल चाकं असतात. एक अंधारासाठी, एक मधल्या उजेडासाठी, एक लख्ख उजेडासाठी. आमच्या व्हिडिओत काय झालं होतं? मधलं चाक वर ओढलं होतं. चेहरे उजळले, त्याबरोबर भिंत, पाटा, सगळं फिकट झालं. मग रंग वाढवले, तशी हळद आणि तिखट पेटल्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट एचडीआरची. नव्या टीव्हीवर, मोबाइलवर हा शब्द असतो. उजेड मोजायचं माप निट. ढोबळमानाने एक निट म्हणजे एका चौरस मीटरला एका मेणबत्तीचा उजेड. जुन्या टीव्हीसाठी चित्र १०० निटपर्यंत बसवत. २०१४ साली एचडीआरसाठी जे माप ठरलं ते १०,००० निटपर्यंत जातं. पण याचा अर्थ सगळं भगभगीत करायचं असा नाही. पांढरा कागद साधारण २०३ निटवर ठेवावा असं तज्ज्ञ सांगतात. वरची जागा सूर्याच्या तिरपीला, नथीच्या चमकेला, चुलीतल्या जाळाला. आणि खरा फायदा खालच्या बाजूला आहे. जुन्या पद्धतीत एका रंगाच्या २५६ पायऱ्या असत, इथे कमीत कमी १०२४. पायऱ्या वाढल्या की अंधारातलं बारीक दिसतं. सावळ्या गालावरची सावली एकाच काळ्या डागात बुडत नाही. म्हणजे सावळा चेहरा उजळ न करताही नीट दाखवायची सोय आज आहे. वापरणाऱ्याची नजर तेवढी हवी.

तिसरी गोष्ट फिल्मच्या कणांची, म्हणजे ग्रेनची. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असत. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाई आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ठिपके राहत. प्रत्येक चित्रात ते वेगळ्या जागी, म्हणून चित्र किंचित थरथरतं, जिवंत वाटतं. आजच्या कॅमेऱ्यात ते नसतात, चेहरे कधी कधी प्लास्टिकसारखे गुळगुळीत दिसतात. म्हणून मोठमोठे कलाकार तेच कण संगणकावर पुन्हा घालतात. गंमत बघा. तिकडे पैसे मोजून खरखर परत आणतात, आणि इकडे आमच्या मावशींच्या गालावरची सुरकुती आणि गोंदण पैसे मोजून पुसलं जातं.

आणि चौथी गोष्ट. ती ऐकून बैठकीत सगळ्या पुढे सरकल्या. रंग मोजायला पडद्यावर एक गोल तक्ता असतो. तांबडा कुठल्या दिशेला, पिवळा कुठल्या दिशेला, ते त्यात दिसतं. त्यात एक तिरपी रेघ असते, तांबड्या आणि पिवळ्याच्या मधली. माणसाच्या कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपास पडतो. गोरी असो, गव्हाळ असो, काळीसावळी असो, रेघ जवळजवळ तीच. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा आणि रंग किती गडद त्याचा. मुलीने मावशींचा चेहरा आणि गटातल्या सगळ्यात गोऱ्या वहिनींचा चेहरा शेजारी शेजारी लावला. दोन्ही ठिपके एकाच रेघेवर. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग माझा चेहरा बदलला कशाला?"

याचं उत्तर वरच्या सगळ्या इतिहासात आहे. कोणीतरी एक चेहरा माप म्हणून ठेवला, बाकीचे त्याच्याशी जुळवले. माप ठेवणारे गेले, कार्ड गेलं, लॅब गेल्या. सवय राहिली.

आम्ही व्हिडिओ पुन्हा केला. या वेळी मुलीनेच. तिला गटातून ठरलेली मजुरी दिली, कारण घरचं काम म्हणून फुकट करून घेणं हाही जुनाच इतिहास आहे. चित्रीकरण सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी मावशी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. एका हातात पांढरी स्टीलची नव्हे, चिनी मातीची थाळी, कारण स्टील चमकतं. दुसऱ्या हातात वाटीभर हळद आणि तिखट. आधी त्यांचा चेहरा, थाळी आणि वाटी खऱ्यासारखी दिसेल असं बसवायचं, मग बाकीचं. मुलगी चाक फिरवत होती आणि मावशी शेजारी बसून सांगत होत्या, "एवढं लाल नाही आपलं तिखट. जरा उतरव." गोंदण दिसू लागलं तेव्हा म्हणाल्या, "आता थांब."

विक्री किती वाढली ते दोन हंगाम गेल्यावर सांगू. तिखटात रंग घालता का, असा फोन मात्र परत आला नाही.

तुमच्या गटाचा व्हिडिओ काढायचा झाला तर एवढं करा. पैसे देण्याआधी सांगा की चेहरे उजळ करायचे नाहीत. समोर थाळी आणि तुमचा माल धरून एक चित्र आधी घ्या. अंतिम व्हिडिओ ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना दाखवल्याशिवाय कुठेही पाठवू नका. आणि शेवटी नावं टाका. मसाला कांडणारीचं, पिशव्या भरणारीचं, रंग बसवणारीचंही. पॅरिसच्या त्या दोनशे जणींचं राहिलं, आपलं राहू नये.